खाज थांबते, बुरशी थांबत नाही

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात अंगाला खाज सुटली की माणूस दवाखान्यात जात नाही, आधी मेडिकलवर जातो. ‘खाजेची ट्यूब द्या’ एवढं म्हटलं की काम भागतं. कुठे खाजतं, किती दिवस झाले, घरात आणखी कुणाला आहे का, हे विचारायला कुणाला सवड नसते आणि जांघेतलं दुखणं चारचौघांत सांगायची सोयही नसते. ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, चट्टा फिका पडतो. माणूस ट्यूब उशाशी ठेवून कामाला लागतो. पंधरा-वीस दिवसांनी चट्टा पुन्हा उठतो आणि या वेळी तो तळहाताएवढा असतो. मग पुन्हा तीच ट्यूब. तोवर नवऱ्याच्या जांघेतलं गचकरण बायकोच्या कमरेवर आलेलं असतं आणि तिच्या कडेवरच्या लेकराच्या पोटरीवर एक गोल उमटलेला असतो.

हे पुस्तक त्या गोलाबद्दल आहे.

त्वचेच्या बुरशीवरची वैद्यकीय पुस्तकं साधारणपणे दोन भागांत विभागलेली असतात. पहिल्या भागात धडधाकट माणसाचे आजार येतात: गजकर्ण, शिबं, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, नखांची बुरशी. दुसऱ्या भागात ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे त्यांचे आजार येतात: एचआयव्ही, कर्करोगावरची औषधं, मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण, फार वाढलेला मधुमेह. पहिला भाग त्रासदायक पण बिनधोक, दुसरा जिवावरचा, अशी ही वाटणी. विद्यार्थ्याला शिकवायला ती सोयीची आहे. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठवाड्यातच काय, देशभरात जे दिसतं आहे ते या वाटणीत मावत नाही. धडधाकट माणसाच्या अंगावर, त्याच्याच हाताने, ट्यूबमधलं स्टिरॉइड चोळून दुबळ्या प्रतिकारशक्तीचा एक पट्टा तयार होतो. बाकी शरीर ठणठणीत आणि तेवढी जागा निःशस्त्र. हे पुस्तक वाचताना ही एक गोष्ट मनात ठेवावी अशी माझी वाचकाला विनंती आहे. पुढची सगळी प्रकरणं तिच्याभोवती फिरतात.

गजकर्ण करणाऱ्या बुरशा केराटिनवर जगतात. केराटिन म्हणजे केस, नखं आणि कातडीचा सगळ्यात वरचा मेलेला थर ज्या प्रथिनाचा बनतो ते. त्याखालच्या जिवंत थरांत या बुरशीला सहसा शिरता येत नाही. शरीराच्या आतली उष्णता तिला मानवत नाही आणि रक्तातली लोह बांधून ठेवणारी प्रथिनं तिची वाढ रोखतात. मात्र तिला बाहेर हाकलण्याचं काम पांढऱ्या पेशींचं, विशेषतः टी-पेशींचं. आपल्याला जी लाली, जी खाज, जो उंचावलेला काठ दिसतो तो बहुतांशी या पेशींच्या लढाईचा परिणाम असतो. गोलाचा मधला भाग निवळलेला आणि कड लाल असते, कारण मध्ये शरीराने बुरशीला मागे रेटलेलं असतं आणि ती कडेने बाहेर सरकत असते. म्हणजे खाज हा नुसता उपद्रव नाही, शरीर जागं असल्याची ती खूण आहे. स्टिरॉइड ही जाग घालवतं. बुरशीचा एक धागाही ते मारत नाही. पहारेकरी झोपतात, खाज थांबते, आणि बुरशी निवांत पसरते. गोलाची ओळखीची कड पुसली जाते, चट्ट्यात चट्टे उठतात, आणि मुरलेल्या डॉक्टरलाही हा एक्झिमा की गजकर्ण असा प्रश्न पडतो. इंग्लंडमध्ये आइव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी 1968 मध्येच असे वेश पालटलेले रुग्ण नोंदवून ठेवले होते. त्यांनी नोंदवले ते मोजके रुग्ण होते, आपल्याकडे त्याची साथ झाली.

साथ का झाली, याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. एक कारण कायद्याचं. औषध नियमांच्या ‘एच’ परिशिष्टातली औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पण अंगाला बाहेरून लावायच्या मलमांना त्यातून वर्षानुवर्षं सवलत होती. त्यामुळे क्लोबेटासॉलसारखं अत्यंत तीव्र स्टिरॉइडही डोकेदुखीच्या गोळीइतकं सहज मिळायचं, आणि तेही एकटं नाही. एकाच ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि कधी परजीवींचं औषध, असा सगळा मसाला. ज्याला निदान करायचं नाही त्याच्यासाठी ही सोय होती: काहीही असलं तरी यातलं एखादं लागू पडेल. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने याविरुद्ध वेगळा कार्यगट नेमून अनेक वर्षं पाठपुरावा केला. मार्च 2018 मध्ये केंद्राने 14 स्टिरॉइडांची मलमं ‘एच’ परिशिष्टात आणली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 मिश्र औषधांवर बंदी घातली. अशा काही मलमांचाही त्या यादीत समावेश होता. कागदावर हा मोठा विजय आहे. गावात अजून ट्यूब मिळते, कारण मागणारा नाव घेऊन मागतो आणि देणाऱ्याला गिऱ्हाईक तोडायचं नसतं. दुकानदाराला एकट्याला दोषी ठरवून हे सुटणार नाही. चिठ्ठी लिहून देणारा डॉक्टर वीस-पंचवीस किलोमीटरवर असेल आणि तिथवर जाण्यात दिवसाची मजुरी बुडत असेल, तर मेडिकल हाच दवाखाना होतो.

दुसरं कारण खुद्द बुरशीचं. भारतात पूर्वी गजकर्णाचा मुख्य कर्ता ट्रायकोफायटन रुब्रम असायचा, सावकाश वाढणारा आणि औषधाला दबणारा. गेल्या दशकात प्रयोगशाळांना वेगळंच चित्र दिसू लागलं. देशभरातून आलेल्या नमुन्यांत दुसऱ्याच जातीने त्याला मागे टाकलं होतं. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी, जपानमध्ये राहणाऱ्या एका नेपाळी आणि एका भारतीय रुग्णाच्या नमुन्यांवरून, तिला ट्रायकोफायटन इंडोटिनिए असं स्वतंत्र नाव दिलं. हिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध चालत नाही. स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाच्या ज्या विकराला हे औषध जखडतं, त्याच्या जनुकात एखादा छोटा बदल झाला की औषध निसटतं. आज ही बुरशी युरोपातही सापडते, आणि 2023 मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन स्त्रियांत ती सापडल्याची नोंद अमेरिकेने केली. मराठवाड्यातल्या त्वचारोगतज्ज्ञाला त्या बातमीत नवं काही वाटलं नसेल. तो हे रोज ओपीडीत पाहत होता.

तिसरं कारण आपल्या जिल्ह्याचं आहे, आणि ते कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेपासून उसाच्या फडात, पाचट अंगाला कापू नये म्हणून बाई साडीवर पुरुषाचा सदरा चढवते, डोक्याला फडकं गुंडाळते. उसाच्या दाटीत वारा नसतो. घाम अंगावरच मुरतो. रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावं लागतं, तेव्हा तेच कपडे. कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, आंघोळीला आडोसा नसतो आणि पाणी कुठून तरी भरून आणायचं असतं. परकराची नाडी आणि पुरुषाचा करदोडा जिथे काचतो, तिथे कमरेभोवती पहिला चट्टा उठतो. ओली, घासलेली, उबदार कातडी; बुरशीला यापेक्षा जास्त काय हवं? एका गोधडीत चार जण झोपतात, एका पंचाने अंग पुसतात. दवाखान्यात एकट्या बाईला गोळ्या दिल्या आणि घरातल्या बाकी तिघांना विचारलंच नाही, तर दीड महिन्याने ती परत येणार हे ठरलेलं. आणि तेव्हा तिला सांगितलं जातं, तुम्ही गोळ्या नीट घेतल्या नाहीत.

या बाईवर असा ठपका ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. कपडे गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात वाळवा, टॉवेल वेगळा ठेवा, रोज आंघोळ करा, हा सल्ला शास्त्रीयदृष्ट्या बरोबरच आहे. पण 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ज्या मुलखात दुष्काळ आला की हंड्यांच्या रांगा लागतात, तिथे गरम पाण्याचा सल्ला देताना पाणी कुठून आणायचं हेही सांगावं लागतं. म्हणून या पुस्तकात प्रत्येक सल्ल्यासोबत त्याचा कमी पाण्यातला पर्याय दिला आहे. ऊन आपल्याकडे फुकट आणि भरपूर आहे, कपडा उलटा करून कडक उन्हात दिवसभर टाकणं कोपीतही जमतं. नाडी आणि करदोडा बदलणं किंवा काही महिने सोडूनच देणं, यालाही पाणी लागत नाही.

घरगुती उपायांवरच्या प्रकरणाबद्दल एक शब्द. टाकळ्याचा पाला आपल्या भागात गजकर्णावर वापरतात आणि जुन्या वैद्यकातही त्याचं नाव या आजाराशी जोडलेलं आहे. त्याने नुकसान सहसा होत नाही. पण बिब्बा लावणं, रॉकेल चोळणं, बॅटरीतलं पाणी लावणं, या गोष्टींनी कातडी भाजते आणि भाजलेल्या जागेवर जिवाणू बसतात. बिब्ब्याने उठलेले फोड पाहिले की माणूस किती कासावीस झाला असेल हे कळतं. गजकर्ण जनावरांकडूनही येतं. गावातल्या वासरांच्या डोळ्यांभोवती राखाडी पापुद्रे दिसतात, तेही एक गजकर्णच. ते लहान मुलांच्या डोक्याला लागलं तर पू भरल्यासारखी गाठ येते आणि ती कुणीतरी फोड समजून कापतो. मुळात कापायचं काहीच नसतं, तिथे गोळ्यांनी काम होतं. हा भाग पशुधनाच्या दवाखान्यातल्या लोकांनीही वाचावा.

आता दुबळ्या प्रतिकारशक्तीवरच्या प्रकरणाकडे. मधुमेह वाढलेला असला की स्तनांखाली, काखेत, जांघेत कॅन्डिडाची लाल, ओली, कडेला बारीक पुटकुळ्या असलेली बुरशी बसते. पुरुषांत शिश्नाच्या टोकाला येते. अनेकांना मधुमेह असल्याचं पहिल्यांदा कळतं ते इथूनच. एचआयव्हीत तोंडात पांढरे थर, आणि नखाच्या बुडाकडून सुरू झालेला पांढरेपणा. धडधाकट माणसाचं नख बहुधा टोकाकडून बिघडतं. या रुग्णांत गजकर्ण अंगभर पसरूनही लाली नावापुरतीच असू शकते, कारण लढणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. पेशी फारच घटल्या की क्रिप्टोकॉकससारखी, मेंदूपर्यंत जाणारी बुरशी चेहऱ्यावर मध्ये खळगा असलेल्या छोट्या पुळ्यांच्या रूपात दिसू शकते. त्या पुळ्या कुणी साध्या मानून सोडल्या तर डोकेदुखी आणि बेशुद्धी यायला फार दिवस लागत नाहीत. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला तापासोबत कातडीवर काळा, मेलेला डाग दिसला, तर तो त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोचला पाहिजे. या प्रकरणातली छायाचित्रं बघवत नाहीत, तरी ती काढू नयेत असं मी आग्रहाने सांगितलं. गावातल्या आशाताईने (आशा स्वयंसेविकेने) एकदा पाहिलेला डाग ती विसरणार नाही.

आणि प्रतिकारशक्ती म्हणजे असते किंवा नसते असा सरळ हिशेब नाही. उत्तर आफ्रिकेतल्या काही कुटुंबांत गजकर्णाची बुरशी कातडी भेदून आत गाठींपर्यंत गेली, काही जण त्यात दगावले. बाकी सगळ्या बाबतींत ही माणसं निरोगी होती. 2013 मध्ये उलगडा झाला की त्यांच्यात कार्ड-9 नावाच्या एकाच जनुकाचा दोष होता. एखाद्याची फक्त बुरशीविरुद्धचीच फळी कमजोर असू शकते. ट्यूबही तेच करते. फरक एवढाच की ती थांबवता येते.

2021 च्या उन्हाळ्यात हे सगळं एका भयंकर प्रसंगात एकत्र आलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्राला घेरलं. मे महिन्यात केंद्राने राज्यांना तो साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितला. ही बुरशी हवेत, मातीत, कुजक्या पाल्यात सर्वत्र असते, निरोगी माणूस ती रोज श्वासातून घेतो आणि काही होत नाही. पण रक्तातली साखर भडकलेली, त्यावर स्टिरॉइडांचे मोठे डोस, आणि करोनाने आधीच विस्कटलेली प्रतिकारशक्ती, अशा शरीरात ती नाकातून डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकली. अनेकांचे डोळे, जबडे काढावे लागले. त्यावरच्या ॲम्फोटेरिसिन-बी या औषधासाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यात फिरले, आणि टंचाई इतकी की वर्ध्यात त्याचं उत्पादन घाईने सुरू करावं लागलं. ज्याला प्राणवायू लागतो त्या रुग्णाचा जीव डेक्सामिथासोन हे स्टिरॉइड वाचवतं, हे जून 2020 मध्येच सिद्ध झालं होतं. पण तेच औषध गरज नसताना, घरच्या घरी, जास्त दिवस घेतलं गेलं. गजकर्णाच्या ट्यूबमध्ये आणि त्या गोळीत एकाच कुळाचं औषध आहे. एकाने कातडीचा पट्टा निःशस्त्र केला, दुसऱ्याने अख्खं शरीर.

या विषयात महाराष्ट्राचं नाव बरंच जुनं आहे. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथाची चित्रं काढणारा हेन्री व्हॅनडाइक कार्टर 1858 मध्ये मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला, पुढे साताऱ्यात सिव्हिल सर्जन झाला. अनवाणी शेतकऱ्यांच्या पायात काटा मोडतो आणि वर्षांनंतर पाय सुजतो, भोकं पडतात, त्यातून काळे किंवा फिके दाणे बाहेर येतात, या आजाराचा त्याने ध्यास घेतला. मदुरेत तो आधी नोंदला गेला म्हणून त्याला मदुरा पाय म्हणत. कार्टरने दाणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यात बुरशी असल्याचं मांडलं आणि 1874 मध्ये त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. आज आपल्याला माहीत आहे की फिक्या दाण्यांतले बरेच जिवाणूंचे असतात आणि त्यांना प्रतिजैविक लागू पडतं. काळे बुरशीचे, त्यांना महिनोन्महिने बुरशीचं औषध आणि कधी शस्त्रक्रिया. दाणा ओळखला नाही तर पाय जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये या आजाराला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं. इथे रुग्णाची प्रतिकारशक्ती बहुधा शाबूत असते. बाभळीच्या काट्याने कातडीची भिंतच ओलांडलेली असते, आणि मग आतल्या पहाऱ्यालाही दाण्यांचं कवच भेदता येत नाही. बीडच्या काळ्या रानात अनवाणी वावरणाऱ्या प्रत्येकासाठी ते प्रकरण आहे.

बुरशीविरुद्धची औषधं मुळातच थोडी आहेत. जिवाणूंची पेशी आपल्या पेशीहून पुष्कळ वेगळी, म्हणून तिला मारताना आपण वाचतो. बुरशी मात्र पेशीच्या रचनेत आपल्या जवळची, तिला इजा करणारं बरंच काही आपल्यालाही इजा करतं. तिच्या पेशीच्या आवरणातलं एर्गोस्टेरॉल हा तिचा एक वेगळेपणा, आणि बहुतेक औषधं तिथेच घाव घालतात. यात पिंपरीचंही योगदान आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूने तिथल्या मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक वेगळं केलं, आणि त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावातच पिंपरी आलं: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. भारतात शोधलेलं, भारतात बनवलेलं औषध. ते संशोधन 1960 च्या आसपासचं. त्यानंतर आपल्याकडून या क्षेत्रात त्या तोडीचं काही आलं नाही, आणि ज्या देशात गजकर्णाची इतकी मोठी साथ चालू आहे तिथे ही उणीव बोचते. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 19 धोकादायक बुरशांची पहिली यादी काढली, त्यातही गजकर्णाच्या बुरशीला जागा नाही. तिने माणूस मरत नाही म्हणून. रात्र-रात्र झोप न लागणं, नवऱ्याला सांगता न येणं, ठरलेलं लग्न चट्ट्यांमुळे मोडणं, हे कुठल्या यादीत धरायचं?

निदान मात्र अवघड नाही. बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडायचा, काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, थोडं थांबून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे बघायचे. खर्च किरकोळ. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात क्षयाची थुंकी तपासायला सूक्ष्मदर्शक आहे, तिथे हे होऊ शकतं. गुंतागुंतीच्या रुग्णासाठी अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण तिथे पाठवायचा कोण आणि गावात बरा करायचा कोण, हे ठरवता आलं पाहिजे, आणि त्यासाठीच पुस्तकाचा मधला भाग लिहिला आहे. मलम लावायचं तर चट्ट्याच्या कडेबाहेर 2 सेंटिमीटरपर्यंत, दिवसातून 2 वेळा, आणि चट्टा गेल्यावरही 2 आठवडे, हा नियम आपल्याच देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी रूढ केला. लक्षात ठेवायला सोपा आणि मोडायला त्याहून सोपा, कारण खाज पहिल्या आठवड्यातच जाते.

दिंद्रुड आणि आसपासच्या गावांसाठी या पुस्तकात एक ठोस सूचना आहे आणि तिला माझा पूर्ण पाठिंबा आहे. टोळ्या पाडव्यानंतर गावात येतात आणि दसऱ्यापर्यंत घरीच असतात. गोळ्यांचा पूर्ण कोर्स, घरातल्या सगळ्यांची एकाच दिवशी तपासणी, महिन्याने पुन्हा भेट, हे सगळं बसवायला एवढे महिने पुरेसे आहेत. पावसाळ्यात बुरशी जोरात असते, तेव्हाच कुटुंब एकत्र सापडतं. आशाताईंनी घरटी एक कार्ड भरावं. त्यावर कोणती गोळी, किती दिवस, मधुमेह आहे का, पूर्वी कोणती ट्यूब लावली, ती किती महिने लावली, एवढं लिहावं, आणि टोळी निघताना ते कार्ड बाईच्या हातात द्यावं. कारखान्याच्या गावातल्या डॉक्टरला, मग तो सांगलीचा असो की बेळगावचा, पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. कार्डाचा नमुना शेवटच्या पानावर आहे. तो फाडून झेरॉक्स काढता यावा म्हणून त्याच्या मागची बाजू कोरी सोडली आहे.